पोहता येतंय? मग तुम्हाला वेळ लागणार!

“स्विमिंग आता है?” अंदमानात स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं पडून समुद्राचा तळ बघायला, नेणाऱ्या पोरानं विचारलं. मी जरा छाती फुगवूनच म्हणालो, हां, अच्छा आता है. तर गडी शेजारच्या पोराकडं बघून हसला आणि म्हणाला, “फिर आपको टाइम लगेगा.” मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. पुढच्या अर्ध्या तासात माझी जी काय फजिती झाली तीच सांगायला हे लिहायला बसलोय, बाकी अंदमानची माहिती सगळीकडं मिळते.

आधी माझं पोहणं कुठलं ते सांगतो म्हणजे विषय कळेल. आम्ही सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे, पण नदीत कधी पोहलो नाही कारण भिलवडी-औदुंबर पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि आमच्या आईनं लहानपणी त्या मगरींची इतकी भीती घातलेली की आजही पुलावरून जाताना मी खाली बघतो. मग पोहायला शिकायचं कुठं, तर मळ्यातल्या विहिरीत. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं, हा आमचा कोर्स. आठ दिवसात डबा सुटला, महिन्याभरात मुटके, मग सूर, मग तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायची पैज. त्यामुळं पाण्यात मला कोण काय शिकवणार ही घमेंड होती.

तर गेल्या जानेवारीत आम्ही चौघं अंदमानला गेलो. मी, बायको, सहावीतली लेक आणि आमचे अण्णा. अण्णांचं वय एकाहत्तर. खरं तर ट्रिप ठरली अण्णांमुळंच, त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांची कोठडी बघायची होती, बाकी बेटं-बिटं समुद्र-बिमुद्र यात त्यांना शून्य इंटरेस्ट. जेल पहिल्याच दिवशी झालं. सावरकरांना 1911 साली तिथं आणलेलं, तिसऱ्या मजल्यावर टोकाची कोठडी आहे, तिथं अण्णा बराच वेळ दारात नुसते उभे राहिले आणि मग बाहेर येऊन बोलले काहीच नाहीत, थेट रात्री जेवताना म्हणाले की सात विंगांपैकी तीनच ठेवल्यात. त्यावर जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी बेटं. गावाचं नाव आता श्री विजयपुरम केलंय पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, तसंच रॉस बेटाचं नाव 2018 साली नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं तरी जेट्टीवर ओरडणारा माणूस “रॉस रॉस रॉस” असंच ओरडतो, आपल्याकडं स्टँडवर “मिरज मिरज” ओरडतात तसं. आम्ही एका एजंटकडून तीन बेटांचं पॅकेज घेतलेलं, नॉर्थ बे, रॉस आणि वायपर. खरं सांगायचं तर थेट जेट्टीवर जाऊन तिकीट काढलं असतं तरी चाललं असतं, पण हॉटेलात बसल्या बसल्या कोणीतरी करून देतोय म्हटल्यावर आपण आळशी होतो.

सकाळी एक चूक केली ती आधीच सांगून टाकतो. नाष्ट्याला पुरी भाजी होती आणि फुकट होती. बोटीत बसायच्या आधी भरपेट पुरी भाजी खाऊ नका. उपाशीपोटीही जाऊ नका, त्यानंही मळमळतं, इडली-केळं असं काहीतरी हलकं खा आणि ज्याला एसटीत उलटी होते त्यानं तास-दोन तास आधी अ‍ॅव्होमिन घ्या. माझ्या बायकोनं घेतली, ती मस्त राहिली. अण्णांनीही घेतली, ते मग नॉर्थ बे येईपर्यंत पेंगत होते. मी घेतली नाही कारण मला कशाला लागतीय गोळी.

बोटी सुटतात त्या अ‍ॅबर्डीन जेट्टीजवळच्या वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समधनं. तिथंच 2004 च्या त्सुनामीचं स्मारक आहे, त्याच्यासमोर लोक सेल्फी काढत असतात आणि बाजूला लाइफ जॅकेटांचा केशरी ढीग. आठ-साडेआठला तिथं आपल्या बाजारसमितीच्या गेटवर असतो तसला गोंधळ. प्रत्येक बोटीची यादी, यादीत नावं, आधारकार्डाची झेरॉक्स, एक माणूस नाव पुकारतो आणि ते दर वेळी चुकीचं पुकारतो. जॅकेट ओलंच असतं, आदल्या दिवशीच्या कुणाच्या तरी घामाचं आणि समुद्राचं, त्याचा एक वास येतो तो दिवसभर नाकातनं जात नाही. पट्टे मात्र नीट ओढून घ्या, लेकीचं जॅकेट मोठं होत होतं, मी ओरडाआरडा करून लहान मागून घेतलं. लहान पोराला मोठं जॅकेट घातलं की पाण्यात ते वरती सरकतं आणि पोर खाली राहतं.

फायबरची बोट, वीसेक माणसं. बंदरातनं बाहेर पडेपर्यंत पाणी शांत होतं, मग रॉसच्या टोकाजवळनं पुढं गेल्यावर लाटा आडव्या यायला लागल्या आणि माझी पुरी भाजी जागी झाली. उलटी झाली नाही एवढंच. लांबवर एका ठिकाणी नजर लावून बसायचं, मोबाइलमध्ये बघायचं नाही, हे मला शेजारच्या एका तमिळ आजींनी खुणेनं सांगितलं. त्या स्वतः निवांत चिवड्यासारखं काहीतरी खात होत्या.

नॉर्थ बे जवळ आलं तसं अण्णांनी पाकिटातनं एक जुनी वीसची नोट काढली. ती लालसर नोट, मागं नारळाची झाडं आणि दीपगृह असलेली, ती हीच जागा बरं का. अण्णांनी ही नोट खास याच्यासाठी सांगलीहून आणलेली, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. नोट हातात धरून डोळे बारीक करून बराच वेळ ताडून बघितलं आणि म्हणाले, “हे नव्हे.” बोटवाल्यानं समजावलं की बाबूजी, नोटवरचा नजारा समोरच्या डोंगरावरनं घेतलाय, माउंट हॅरिएटवरनं, समुद्रातनं तसा दिसणार नाही. ते खरंच आहे. पण अण्णांचं समाधान काही झालं नाही. लेकीनं विचारलं मग आताच्या नोटेवर काय आहे, तर नव्या हिरवट-पिवळ्या वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. म्हणजे अंदमान काढलं आणि आपलं संभाजीनगर घातलं, यावर अण्णांचा मूड जरा सुधारला.

आता मुख्य भाग.

नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर उतरलं की आठ-दहा पोरं अंगावर येतात. स्नॉर्केलिंग, स्कूबा, सी वॉक, काचेच्या तळाची बोट, सगळ्यांचे लॅमिनेटेड रेटकार्ड. सांगितलेला रेट आणि दिलेला रेट यात बराच फरक पडतो, घासाघीस करा, पण एक गोष्ट नक्की ठरवून घ्या की एका गाइडमागं माणसं किती आणि वेळ किती. आम्ही तिघांमागं एक गाइड ठरवला. अण्णा काचेच्या बोटीत. गाइड पोरगा विशी-बाविशीचा, त्याचे आजोबा-पणजोबा रांचीकडनं जंगलतोडीच्या कामाला आणलेले, तिथं अशी बरीच कुटुंबं आहेत आणि त्यांना रांचीवालेच म्हणतात. हा तिथंच जन्मलेला. हिंदी बोलायचा पण त्यात स्त्रीलिंग-पुल्लिंग असला प्रकार नव्हता, त्यामुळं माझ्या हिंदीशी त्याचं चांगलं जमलं.

सामान म्हणजे तोंडावर बसणारा मास्क, त्यात डोळे आणि नाक दोन्ही झाकलं जातं, आणि बाजूनं वर जाणारी नळी. नळीच्या खालच्या टोकाला रबराचा तुकडा असतो तो दातात धरायचा आणि ओठांनी झाकायचा. हा तुकडा आधीच्या माणसाच्या तोंडातनं निघाला की एका बादलीत बुचकळतात आणि पुढच्याला देतात. बादलीत समुद्राचंच पाणी. ज्याला किळस येते त्यानं आपली नळी घरून न्यावी, स्पोर्ट्सच्या दुकानात फार महाग मिळत नाही. माझ्या दातात आला त्यावर आधीच कुणाच्या तरी दाढांच्या खुणा होत्या. चष्मेवाल्यांनी चष्मा बोटीतच ठेवायचा, मास्कखाली काडी बसत नाही. हिचा नंबर उणे दोन आहे, तिला टेन्शन होतं, पण पाण्यात मास्कमधनं सगळं मोठं आणि जवळ दिसतं त्यामुळं तिचं बऱ्यापैकी भागलं.

गाइडनं पहिल्यांदा काय सांगितलं तर मास्कच्या काचेवर आतनं थुंका. खरंच थुंकायचं, बोटानं फिरवायचं, एकदा पाण्यात हलकं विसळायचं, मग काचेवर वाफ धरत नाही. लेकीला हे इतकं आवडलं की तिनं गरज नसताना चार वेळा केलं.

मग कमरेएवढ्या पाण्यात उभं करून वाकायला लावलं. तोंड पाण्यात घाला आणि तोंडानं श्वास घ्या. बस्स, एवढंच. बायकोनं घातलं, घेतला श्वास, दहा सेकंदात तिचं झालं. लेकीचं झालं. मी तोंड पाण्यात घातलं आणि माझी छाती बंद. म्हणजे मी आत ओढायचा प्रयत्न करतोय आणि आतनं कोणीतरी कडी लावलेली. चाळीस वर्षं शरीराला एकच माहीत, तोंड पाण्याखाली गेलं की श्वास धरायचा, विहिरीत तेच तर शिकलो, जितका वेळ धरशील तितका तू मोठा पोहणारा. आणि इथं हा पोरगा म्हणतोय धरू नका, घ्या. तोंड पाण्यात असताना. डोक्याला कळत होतं की नळी वर आहे आणि हवा येणार आहे पण छातीला कोण सांगणार! तिसऱ्यांदा ओढला तर नाकानं ओढला, मास्क गालाला चिकटला आणि मी घाबरून उभाच राहिलो. गाइड म्हणाला, “बोला था ना. जिसको स्विमिंग आता है वो सांस रोकता है. मॅडम को नहीं आता, मॅडम आराम से लेता है.”

मॅडम बाजूला तोंड पाण्यात घालून खरंच आरामात घेत होती. नळीतनं तिचा आवाज येत होता, झोपेत घोरल्यासारखा, फुस्स… फुस्स…

शेवटी त्यानं एक युक्ती सांगितली, आधी बाहेर सोडा. नळीतनं सगळी हवा जोरात फुंकून टाका, पार रिकामे व्हा, मग आत आपोआप येते. ते मात्र जमलं. फू करून सगळं सोडलं आणि मग शरीरालाच गरज पडली म्हणून त्यानं ओढलं, कुबट रबराच्या वासाची गरम हवा आत आली आणि डोकं पाण्यातच होतं. त्यानंतरही पाच-सहा श्वास मी मोजून घेतले, जसं विहिरीवरची मोटर एअर धरते, म्हणजे पाइपात हवा अडकते, तेव्हा आपण पाणी ओतून ओतून चालू करतो तसं.

त्यात दुसरी भानगड मिशीची. आमच्या घराण्यात सगळ्यांना मिशा, माझी जरा जाडच आहे. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर नीट बसत नाही, मिशीच्या केसांतनं पाणी झिरपतं, एकेक थेंब करत नाकापाशी डबकं साठतं. मग दर दोन मिनिटाला मान वर काढून मास्कची खालची कड उचलून पाणी सांडायचं. गाइडकडं व्हॅसलिनची डबी होती, ते मिशीला चोपडलं, थोडा फरक पडला. काही लोक म्हणे आदल्या रात्री मिशी बारीक करून येतात. अण्णांपुढं मी ते केलं असतं तर अण्णा तिथंच राहिले असते.

एवढं झाल्यावर मग त्यानं एक टायर आणला, म्हणजे ती लाल-पांढरी फ्लोटिंग रिंग. आम्ही तिघांनी हातानं ती धरायची, पालथं पडायचं आणि तो दोरीनं ओढत नेणार. इथं मी तिसरी चूक केली. पाय मारले. सवयच ती. मागं एवढा फेस झाला की कुणाला काही दिसेना आणि बायकोनं पाण्यातनंच मला कोपरानं ढोसललं. “कुछ मत करो भैया,” गाइड म्हणाला, “लकडी बन जाओ.”

ओंडका झालो. आणि मग दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे स्वतःचाच हात दिसला आणि दचकलो, एवढा जाडजूड पंजा कुणाचा म्हणून. पाण्यात सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं. दुसरं म्हणजे आवाज. मला वाटलेलं पाण्याखाली शांतता असेल, विहिरीत असते तशी. इथं सगळीकडनं तडतड-तडतड चालू, तेलात मोहरी टाकल्यावर फोडणी तडतडते अगदी तशी, थांबतच नाही. नंतर विचारलं तर ते म्हणे छोटे कोळंबीसारखे जीव असतात, नांगी आपटून आवाज करतात. म्हणजे एवढा सगळा समुद्र फोडणी देत बसलाय.

खाली पाच-सहा हातांवर प्रवाळ. किनाऱ्याजवळचं सगळं करडं, मेलेलं, तुटलेलं, लोकांच्या पायाखाली आणि बोटींच्या नांगरांखाली भुगा झालेलं, ते बघून वाटलं याच्यासाठी पैसे घेतले का. पण पन्नास-साठ मीटर आत गेल्यावर पिवळसर-तपकिरी गड्डे सुरू झाले, फ्लॉवरच्या कोबीसारखे, मेंदूसारख्या वळ्यांचे, हरणाच्या शिंगासारखे. फोटोत असतात तसे भडक रंग नसतात हे सांगून ठेवतो, फोटोवाले खाली लाइट मारतात, पाणी लाल रंग आधी खाऊन टाकतं. पण मासे मात्र फोटोपेक्षा भारी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे ताटाएवढे चपटे, झेब्र्यासारखे पट्टेवाले तर तोंडासमोर येऊन बघून जायचे. एक निळा-हिरवा पोपटमासा, त्याला खरंच चोच असते, तो प्रवाळाला चावत होता आणि त्याचा कुरूम कुरूम आवाज मला स्पष्ट ऐकू आला, शेजारी कोणीतरी खडीसाखर चावतंय असा. तो प्रवाळ खातो आणि मागनं वाळू काढतो. लेकीला हे सांगितलं तेव्हापासनं ती त्या पांढऱ्याशुभ्र वाळूत बसायला तयार नव्हती.

पण मला सगळ्यात जे लक्षात राहिलं ते दुसरंच आहे. दोन गड्ड्यांच्या खाचेत एक शिंपला रुतून बसलेला, वीतभर लांब, नागमोडी कडांचा, तोंड उघडं, आणि आत ओठांसारखी मखमल, निळी-जांभळी, त्यावर हिरवे ठिपके. पैठणीच्या काठाला असतो ना तो रंग, एका बाजूनं निळा आणि मान हलवली की जांभळा, तोच. जायंट क्लॅम म्हणतात त्याला. मी बघत होतो तेवढ्यात आमच्या टायरची सावली त्याच्यावरनं गेली आणि तो झटक्यात आक्रसला, दार अर्धं लोटल्यासारखा. सावली गेली, तो हळूहळू परत उघडला. ना डोकं, ना मान, खडकात रुतलेला एक शिंपला, आणि त्याला कळलं की वरनं कोणीतरी गेलं. मी गाइडला खूण केली, परत. तो वैतागला असेल पण त्यानं टायर मागं घेतला. परत सावली, परत आक्रसला. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं, उगाच त्याला त्रास.

आणि त्या वेळात मी श्वास मोजत नव्हतो हे मला नंतर लक्षात आलं.

वेळ संपली म्हणून गाइडनं वळवलं. मी म्हटलं अर्धा तास झाला नाही, तो म्हणाला झाला, दोघांकडंही पाण्यात घड्याळ नव्हतं. किनाऱ्याजवळ दुसरा एक गाइड बिस्किटाचा चुरा टाकत होता, पट्टेवाले मासे झुंबड करून आलेले आणि त्याचं गिऱ्हाईक व्हिडिओ काढत होतं. माझ्या गाइडनं तोंड वाकडं केलं पण बोलला काही नाही, रोज एकाच किनाऱ्यावर धंदा करायचा असतो.

बाहेर आल्यावर शहाळं घेऊन बसलो तेव्हा त्याला विचारलं की एवढं करडं का. त्यानं सांगितलं ते असं की प्रवाळ हा जीवच असतो, त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते त्याला खायलाही घालतं आणि रंगही देतं. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, लवकर गार झालं तर परत येतो, नाहीतर मेला. अंदमानात 2010 च्या उन्हाळ्यात असं फार मोठ्या प्रमाणात झालं. तो तेव्हा शाळेत होता, त्याचे वडील बोटीवर होते, ते घरी येऊन म्हणायचे समुद्राला कोड फुटलंय.

लेकीनं तोवर किनाऱ्यावरनं मेलेल्या प्रवाळाचा एक पांढरा तुकडा खिशात घातलेला. गाइडनं लगेच काढून ठेवायला लावला. प्रवाळ, मेलेला असला तरी, वन्यजीव कायद्याखाली येतो, एअरपोर्टवर बॅगा तपासतात आणि काढून घेतात, वर चौकशी वेगळीच. तिनं तुकडा जिथं उचलला तिथंच नेऊन ठेवला आणि त्याच्यावर दुसरा ठेवला, मग तिसरा.

अण्णा काचेच्या बोटीतनं आले. कसं काय विचारलं तर म्हणाले, “तळाला काच हाय, काचेवर ओरखडे हायत, ओरखड्याखाली समुद्र हाय.” तेवढंच.

तिथनं रॉस. दुपार झालेली, अंगावर मीठ वाळून पांढरं फुटलेलं, आणि पाठीमागची कातडी चुरचुरायला लागलेली. हे फार महत्त्वाचं आहे, पालथं पडून तरंगताना ऊन सगळं मागच्या बाजूला लागतं, मान, पाठ आणि गुडघ्याच्या मागची खोबण. क्रीम आपण तोंडाला लावतो. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पोटऱ्यांपर्यंतची पँट घालूनच पाण्यात जा. मी हाफ चड्डीत गेलो होतो, पुढचे तीन दिवस मला खुर्चीत नीट बसता आलं नाही, पाय दुमडला की कातडी ओरडायची.

रॉसवर मी खरं तर सावली शोधत होतो, पण अण्णा तिथं जागे झाले. उतरल्या उतरल्या नौदलाची नोंद, तिकीट, आणि समोर हरणं, माणसाळलेली, लेकीच्या हातातली पिशवीच ओढायला लागली. हे बेट म्हणजे इंग्रजांचं अंदमानातलं मुख्यालय, 1858 पासनं. इथं त्यांचं चर्च, क्लब, बेकरी, छापखाना, टेनिस कोर्ट, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट, सगळं कैद्यांकडून बांधून घेतलेलं. जून 1941 मध्ये भूकंप झाला, बेटाला तडे गेले, कारभार हलवला, आणि पुढच्या वर्षी जपानी आले. त्यांचे बंकर आजही आहेत. आता सगळ्या भिंतींवर वडा-पिंपळाची मुळं अशी चढलीत की भिंत मुळांनी धरलीय का मुळं भिंतीनं धरलीत ते कळत नाही. चर्चच्या खिडकीतनं मूळ आत आलंय, दारातनं बाहेर गेलंय. अण्णा बेकरीपाशी थांबले. भट्टीच्या विटांवर हात फिरवला आणि समोर पाण्यापलीकडं बघितलं, तिथनं पोर्ट ब्लेअरचा किनारा आणि जेलची बाजू दिसते, तीन किलोमीटरही नसेल. “हिथं पाव भाजायचे,” एवढंच म्हणाले. आदल्या दिवशी जेलात कोलू बघितलेला, तेल गाळायचा, माणसं जुंपायचे तो. मी काही बोललो नाही.

वर चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, वयस्कर माणसांसाठी बॅटरीची गाडी मिळते, घ्या. आणि बुधवारी रॉस बंद असतं तेवढं बघून प्लॅन करा.

वायपर राहिलंच. जेट्टीवर परत आल्यावर कळलं की तिकडं आज बोटी जात नाहीत, आणि आज म्हणजे बरेच दिवस. मग पॅकेजमध्ये कशाला घातलं! एजंटला फोन लावला तर तो म्हणे सर मौसम का प्रॉब्लेम. आभाळात एक ढग नव्हता. अण्णांना वायपर बघायचंच होतं, कारण ज्यानं व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला 1872 साली अंदमानात भोसकून मारलं त्या शेर अलीला वायपरवर फाशी दिलेलं, तिथं तो फाशीघराचा घुमट आहे, हे सगळं ते घरनं वाचून आलेले. अण्णांनी फोन माझ्या हातातनं घेतला आणि ज्या हिंदीत ते बोलले ती हिंदी मी आयुष्यात ऐकली नव्हती, निम्मी सांगलीची निम्मी कुठली देव जाणे, “तुमने हमको तीन बोल्या, दो दिखाया, एक का पैसा वापस देव, नाहीतर हम हिथंच बैठ्या.” आणि ते खरंच जेट्टीच्या कठड्यावर बसले. सव्वापाचच्या सुमारास तिथं सूर्य मावळतो, घड्याळ आपलं असलं तरी सूर्य त्यांचा पूर्वेचा आहे, अंधार पडला तरी अण्णा उठेनात. शेवटी एक पोरगा स्कूटरवर येऊन पैसे देऊन गेला. पूर्ण नाही, पण दिले.

रात्री हॉटेलात आरशात बघितलं तर तोंडावर मास्कचा गोल वळ, कपाळापासनं मिशीपर्यंत, आणि मिशीला अजून व्हॅसलिन. झोपल्यावर पलंग हलत होता. बोटीत दिवसभर बसलं की रात्री ते होतं, डोळे मिटले की लाट येते. बायको शेजारी झोपलेली, फुस्स… फुस्स…

घरी आल्यावर मी एक मास्क आणि नळी मागवली. मे महिन्यात मळ्यातल्या विहिरीत उतरलो, काठावर चुलत भावाची पोरं बसलेली, त्यांना दाखवायचं पण होतं जरा. मास्कवर थुंकलो, मिशीला लावलं, पायऱ्यांवरनं हळूच पाण्यात पालथा झालो आणि पहिल्या झटक्यात श्वास लागला. हिरवं पाणी, कडेचे दगड, दोन काळे मासे लांबनंच पळून गेले. पोरं वरनं ओरडत होती, मुटका मारा की काका. मी ओंडका होऊन पडून राहिलो.

“दिसतंय का काय?” अण्णांचा वरनं आवाज आला.

मी मान वर काढली. “मोटरच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह दिसतोय.”

“मग गळतोय का बघ. दोन दिवस झालं, मोटर पाणी धरंना.”